तोंड कोरडं, पोट साफ नाही, विसरायला होतं : वय की औषधं?

सत्तरीपुढच्या माणसाचं तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना, लघवी सुरू व्हायला वेळ लागू लागला, चष्मा बदलूनही वाचताना धूसर दिसू लागलं आणि नावं आठवेनाशी झाली, की घरात एकच निष्कर्ष निघतो : वय झालं. या पाचही तक्रारी वयामुळे येऊ शकतात, हे खरं. पण त्या काही आठवड्यांत, एकापाठोपाठ एक आल्या असतील तर आधी औषधांचा डबा उघडून बघायला हवा. अँटिकोलिनर्जिक गुणधर्माची, म्हणजे मज्जातंतूंचा एक रासायनिक निरोप अडवणारी औषधं नेमक्या याच तक्रारी निर्माण करतात. ती सर्दीपासून नैराश्यापर्यंत इतक्या वेगवेगळ्या आजारांसाठी दिली जातात, की चार गोळ्यांचा परिणाम शेवटी एकाच जागी साठतोय हे बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातच येत नाही.

शरीरात नेमकं काय अडतं

अ‍ॅसिटिलकोलीन हे मज्जातंतूंच्या टोकाशी स्रवणारं रसायन. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाच्या एका मज्जातंतूला उत्तेजना दिली. हृदय मंदावलं. त्या हृदयाभोवतीचं द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. म्हणजे मज्जातंतूचा निरोप रसायनातून पोचतो, हे दिसलं. त्या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल मिळालं. ते रसायन हेच.

शरीरातली कितीतरी रोजची कामं त्याच्या निरोपावर चालतात. लाळ सुटणं, आतडं पुढे ढकलणं, मूत्राशय आवळून लघवी बाहेर टाकणं, जवळचं बघताना डोळ्याच्या भिंगानं आकार बदलणं, हृदयाची गती आवरून धरणं, घाम येणं. मेंदूत लक्ष लागणं आणि नवीन गोष्ट लक्षात राहणं. अँटिकोलिनर्जिक औषध या रसायनाच्या मस्करिनिक नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं आणि निरोप पोचू देत नाही. त्यामुळे दुष्परिणाम पाठ करायची गरज नाही. वरची यादी उलटी वाचली की झालं : लाळ कमी, आतडं मंद, मूत्राशय ढिलं, जवळचं धूसर, नाडी जलद, त्वचा कोरडी, डोकं गोंधळलेलं.

धोतऱ्याच्या बियांत अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन असतं. धोतऱ्याची विषबाधा झालेल्या माणसाचं तोंड सुकलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, अंग तापलेलं पण घाम नाही आणि तो असंबद्ध बडबडतोय, नसलेल्या वस्तू हवेत पकडू बघतोय, असं दिसतं. म्हाताऱ्या माणसात औषधांमुळे होतं ते याच चित्राचं फिकट, महिनोन्‌महिने पसरलेलं रूप. फिकट असल्यामुळेच ते ओळखू येत नाही.

म्हातारपणी जास्त का बाधतं

वय वाढतं तशी मेंदूतली अ‍ॅसिटिलकोलीनची शिल्लक कमी होते. तरुणाच्या मेंदूत थोडी खोट आली तर भरून निघते, ऐंशीच्या मेंदूत निघेलच असं नाही. अल्झायमर झालेल्या माणसात तर याच रसायनाच्या पेशी आधी झडतात. त्यात मूत्रपिंड आणि यकृत औषध बाहेर टाकायला जास्त वेळ घेतात, आणि अंगातलं चरबीचं प्रमाण वाढल्यामुळे चरबीत विरघळणारी औषधं जास्त काळ रेंगाळतात. डायफेनहायड्रामीन घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला मध्यमवयीन माणसात सुमारे ९ तास लागतात, वृद्धात साडेतेरा. रात्री झोपेसाठी घेतलेली गोळी सकाळी आंघोळीला उठतानाही अंगात असते, आणि पाय घसरण्याची वेळही बहुधा तीच असते.

कुठल्या गोळ्यांत असतं

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे सर्दी-खोकल्याचं औषध. जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझीन, हायड्रॉक्सिझीन, सायप्रोहेप्टाडीन, ही सगळी चांगलीच अँटिकोलिनर्जिक आहेत. सर्दीच्या मिश्र गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत बघा : पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रीन आणि क्लोरफेनिरामीन असं त्रिकूट सापडेल. खोकल्याच्या कित्येक सिरपांतही क्लोरफेनिरामीन असतं. गोळी आणि सिरप दोन्ही चालू असलं, की तेच औषध दुप्पट जातं. शिवाय ही औषधं चिठ्ठीशिवाय घेतलेली असल्यामुळे ‘सध्या काय काय चालू आहे?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला कुणी ती सांगतच नाही.

दुसरा मोठा गट अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डॉक्सेपिन या जुन्या नैराश्यविरोधी औषधांचा. आज ती बऱ्याचदा नैराश्यासाठी नसून मज्जातंतूंचं दुखणं, अर्धशिशी किंवा झोप यांसाठी १० ते २५ मिलिग्रॅमच्या छोट्या डोसमध्ये दिली जातात. नव्या औषधांपैकी पॅरॉक्सेटीन याच वळणाचं आहे. लघवीची घाई थांबवणारी ऑक्सिब्युटिनीन, टॉल्टरोडीन, सॉलिफेनासिन ही तर याच गुणधर्मासाठी वापरतात. पोटात मुरडा आला की दिलं जाणारं डायसायक्लोमीन, कंपवातात किंवा मानसिक आजाराच्या औषधांनी आलेल्या थरथरीसाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, मानसिक आजारावरची क्लोझापीन, ओलान्झापीन, क्लोरप्रोमाझीन. दम्यासाठी ओढायच्या इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियमचा अंश रक्तात कमी उतरतो, तरी तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्याला लघवीचा त्रास होऊ शकतो. नेब्युलायझरचा मास्क सैल असेल तर इप्राट्रोपियमची वाफ थेट डोळ्यात जाते. काचबिंदूचा धोका असलेल्यांनी म्हणूनच मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी.

एकेक तक्रार, जरा जवळून

कोरडं तोंड ही किरकोळ गोष्ट समजली जाते. ती किरकोळ नाही. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती आटली की हिरडी मागे सरकलेल्या जागी, दाताच्या मुळाशी कीड लागते आणि वर्षानुवर्षं टिकलेले दात थोड्याच काळात तुटतात. कवळी नीट बसत नाही, जिभेवर पांढरी बुरशी येते, कोरडा घास घशात अडकतो, जेवण कमी होतं आणि वजन उतरतं. एक धोका सहसा कुणी सांगत नाही : छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी कोरड्या तोंडात विरघळत नाही. आधी घोटभर पाण्यानं तोंड ओलं करून मग ती ठेवावी. तोंड ओलं ठेवायला गोड चघळगोळ्या नकोत, त्यानं कीड वाढते. घोट-घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणि दंतवैद्यांकडे नियमित तपासणी हे उपयोगी पडतं.

बद्धकोष्ठ आणि लघवी यांचा विचार एकत्रच करायला हवा, कारण दोन्हीकडे फसवं चित्र तयार होतं. मूत्राशय पुरतं आवळलं जात नाही, मग लघवी झाल्यावरही आत बरीच उरते. साठा वाढत गेला की भरलेल्या मूत्राशयातून थेंब-थेंब गळायला लागतं. घरच्यांना वाटतं लघवी धरवत नाही. ती आवरण्यासाठी आणखी एक अँटिकोलिनर्जिक गोळी सुरू होते आणि तुंबणं वाढतं. म्हणून अशी गोळी सुरू करण्याआधी, आणि चालू असताना गळती वाढली तर, लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीनं उरलेलं मोजून घ्यावं. २०० मिलिलिटरहून जास्त उरत असेल तर त्या गोळीबद्दल पुन्हा विचार करायला हवा. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषानं सर्दीची मिश्र गोळी घेतली तर दोन बाजूंनी कोंडी होते. क्लोरफेनिरामीन मूत्राशय ढिलं करतं आणि फेनिलएफ्रीन मूत्राशयाचं तोंड आवळतं. रात्रीतून लघवी पूर्ण बंद होऊन नळी घालायची वेळ येते ती अशी.

आतड्यातही तसंच. मळाचा खडा गुदाशयात अडकतो, त्याच्या कडेनं पातळ मल झिरपतो आणि सगळ्यांना वाटतं जुलाब होताहेत. जुलाब थांबवायचं औषध दिलं की खडा पक्का. त्यातलं डायफेनॉक्सिलेट तर अ‍ॅट्रोपीनसोबतच येतं. आठवडाभर नीट शौचाला न झालेल्या माणसाला अचानक पातळ गळू लागलं, तर जुलाबाची गोळी देण्याआधी डॉक्टरांनी बोटानं तपासणी करावी. आतडं मंद असताना फार कमी पाण्याबरोबर इसबगोल घेणं धोक्याचं, तो फुगून तिथेच अडकतो. अशा वेळी पाणी ओढून मल मऊ करणारी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी औषधं जास्त सोयीची. पोटॅशियमच्या घट्ट गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. मंद पचनमार्गात त्या एकाच जागी पडून राहतात आणि तिथे व्रण पडतो. त्यांच्याऐवजी पातळ औषध घेता येतं.

डोळ्यांचं धूसरपण बहुधा त्रासदायक असतं, घातक नाही. अपवाद अरुंद कोनाच्या काचबिंदूचा. बाहुली मोठी झाल्यानं डोळ्यातल्या पाण्याचा निचरा एकाएकी बंद होतो. डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, उलटी. उलटी आणि डोकेदुखीमुळे हे पित्त समजून घरी थांबलं तर काही तासांत नजर जाऊ शकते.

उष्म्याचाही धोका आहे. घामाच्या ग्रंथींना सांगावा अ‍ॅसिटिलकोलीनच देतं, त्यामुळे ही औषधं घेणाऱ्याला तापलेल्या दिवसांत घाम कमी येतो आणि अंग आतून तापत जातं. उकाड्यात सुस्त पडलेल्या वृद्धाची त्वचा गरम आणि कोरडी लागली तर वाट बघू नये.

डोकं गोंधळतं तेव्हा

सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. औषधानं येणारा गोंधळ, म्हणजे डेलिरियम, काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी घरातल्यांना ओळखत नाही, अंथरुणावर मुंग्या दिसतात म्हणतो. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया असा एका आठवड्यात येत नाही. डेलिरियमचं एक शांत रूपही असतं. माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो, प्रश्नाला उशिरा उत्तर देतो, जेवताना घास हातात तसाच राहतो. ‘आज जरा थकलेत’ म्हणून हे सोडून दिलं जातं, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त नुकसान त्यातच होतं. घरी करता येण्याजोगी सोपी चाचणी : आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगा. एरवी म्हणू शकणारा माणूस आज दोन वारांपुढे जात नसेल, मधेच विसरून भलतंच बोलत असेल, तर लक्ष ढळलेलं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळीच कारण असेल असं नाही. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, अडकलेला मल यांनीही असं होतं, आणि शेवटच्या दोन्हींच्या मागे पुन्हा तीच गोळी असू शकते.

वर्षानुवर्षं घेतल्यानं कायमचा स्मृतिभ्रंश होतो का? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ३,४३४ लोकांचा सरासरी ७.३ वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी सर्वांत जास्त औषध घेतलं, म्हणजे रोज ५ मिलिग्रॅम ऑक्सिब्युटिनीन तीन वर्षांहून जास्त इतकं किंवा त्याच्या तोडीचं, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका काहीच न घेणाऱ्यांपेक्षा ५४ टक्के जास्त दिसला. २०१८ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात नैराश्य, मूत्राशय आणि कंपवात यांवरच्या औषधांशी असा संबंध दिसला, अ‍ॅलर्जी आणि पोटाच्या औषधांशी दिसला नाही. हे संबंध आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही. नैराश्य, झोप उडणं, लघवीची घाई या तक्रारी कधी कधी स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीलाच येतात आणि म्हणून औषध सुरू झालेलं असतं. त्यामुळे घाबरून गोळ्या फेकून देऊ नयेत. पण गरज संपलेली गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवायचंही काही कारण नाही.

बेरीज कशी करायची

२००८ साली तयार झालेल्या एका मोजपट्टीत अशा प्रत्येक औषधाला त्याच्या अँटिकोलिनर्जिक जोरानुसार १, २ किंवा ३ गुण दिलेले आहेत. रोजच्या औषधांची बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांनी यादी तपासावी असा संकेत. समजा ७४ वर्षांच्या बाईंना पाय जळजळतात म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम आहे : ३. लघवीच्या घाईसाठी टॉल्टरोडीन : ३. सूज उतरवायला फ्युरोसेमाइड : १. आणि गेले चार दिवस सर्दीची क्लोरफेनिरामीनवाली गोळी : ३. एकूण १०. तिन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, चौथी चिठ्ठीच नाही. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर वाटतं. या मोजपट्टीत डोस धरला जात नाही ही तिची मोठी उणीव आहे, त्यामुळे आकडा हा निकाल नव्हे. पण डॉक्टरांपुढे विषय काढायला तो फार कामाचा. वृद्धांनी टाळायच्या औषधांची ‘बीअर्स’ यादी १९९१ साली आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधं टाळावीत आणि अशी दोन औषधं एकत्र देऊ नयेत, असं तीही सांगते.

बेरीज करताना साखळी लागते का तेही बघा. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल सुरू झालं, ते अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं, त्यानं लघवीची घाई होऊ लागली, घाईसाठी ऑक्सिब्युटिनीन आलं, ते अ‍ॅसिटिलकोलीन अडवतं. एक औषध दुसऱ्याला पुसतं आणि दोन्हींचे दुष्परिणाम तेवढे उरतात. नवी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असावा : याच्या आधीच्या काही आठवड्यांत कुठली गोळी सुरू झाली किंवा वाढली?

कमी करायचं तर कसं

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप, सिरपच्या बाटल्या, डोळ्यांचे थेंब आणि इनहेलर पिशवीत घालून न्या. लिहिलेल्या यादीत सर्दीची गोळी कधीच नसते. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा : कशासाठी, कधीपासून, आणि अजून उपयोग होतोय का.

चार दिवसांची सर्दीची गोळी सरळ थांबवता येते. महिनोन्‌महिने चाललेलं औषध मात्र एकदम तोडायचं नाही. अडवलेले रिसेप्टर अचानक मोकळे झाले की मळमळ, घाम, जुलाब, अस्वस्थपणा, झोप उडणं असा उलटा त्रास होतो, आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम बंद केलं तर ताठरपणा उसळतो. साधारणपणे दर १ ते ४ आठवड्यांनी डोस २५ ते ५० टक्क्यांनी कमी करत नेतात, आणि एका वेळी एकच औषध. दोन एकदम बदलली तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

पर्याय बरेचदा असतो. अ‍ॅलर्जीसाठी लोरॅटाडीन किंवा फेक्सोफेनाडीन. सेटिरिझीननं थोडी गुंगी येते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. साध्या सर्दीत मिठाच्या पाण्याचे थेंब वृद्धांसाठी गोळीपेक्षा नक्कीच बरे. लघवीच्या घाईसाठी आधी ठरावीक वेळेला लघवीला जाणं आणि ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम. औषध लागलंच तर मिराबेग्रॉन आहे, पण ते रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून दाब आटोक्यात हवा. झोपेसाठी तर या गटातलं काहीच नको.

काही वेळा औषध ठेवावंच लागतं. नैराश्य त्याच एका गोळीनं आटोक्यात आलेलं असतं, किंवा श्वासासाठी इनहेलर गरजेचा असतो. तेव्हा बाकीच्या यादीतून गुण कमी करायचे, डोस कमीत कमी ठेवायचा, आणि शौच, लघवी व तोंड यांची विचारपूस दर भेटीत करायची. लाळ, शौच आणि लघवी औषध गेल्यावर साधारण काही दिवसांत सुधारू लागतात. डोकं स्वच्छ व्हायला कधी काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

डोळ्यात ठणका आणि लाली, सात-आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगलेलं, पोट फुगून वायूही सरत नाही, गरम कोरडी त्वचा आणि बरळणं, किंवा छातीत धडधड होऊन भोवळ : यातलं काहीही झालं तर पुढचा डोस न देता थेट रुग्णालय गाठा, आणि गेल्या ४८ तासांत दिलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप बरोबर न्या.